‘इथे आधी काहीच नव्हतं’ : नदीकाठच्या नव्या शेजाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सभासद,
नदीकाठची सोसायटी, दापोडी

सप्रेम नमस्कार.

सोसायटीचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. तुम्हाला कळेलच. मुळेच्या आणि पवनेच्या काठावर तुमच्यासारख्या अनेक सोसायट्या आहेत, त्यांनीही हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजून वाचलं तर बरंच आहे.

मागच्या महिन्यात माझ्या थोरल्या वहिनीचा दहावा होता. सकाळी सातला आम्ही पंधरा-वीस माणसं घरून निघालो. पुतण्याच्या हातात ताट, ताटात भाताचे पिंड, दर्भ, काळे तीळ. तुमच्या कंपाउंडच्या कडेने नदीकडे उतरणारी पायवाट आहे, तिथे आलो तर नवं लोखंडी फाटक आणि त्याला कुलूप. आम्ही पुढून, मोठ्या गेटवर गेलो. वॉचमन पोरगा मराठवाड्याकडचा, बोलायला गरीब. त्याने हातातला मोबाइल पुढे केला आणि विचारलं, “काका, कुठल्या फ्लॅटला जायचंय?”

मी म्हटलं, “नदीवर.”

त्याने खरोखर मोबाइलवर बोट फिरवून शोधलं. ए विंग होती, बी होती, सी होती, क्लब हाउस होतं. नदी नव्हती. मग त्याने कोणाला तरी फोन लावला, तिकडून नाही म्हणून उत्तर आलं आणि पोराचा चेहरा उतरला. त्याच्यावर माझा राग नाही, कोणी ठेवूही नये. आम्ही गाड्या काढून दुसरीकडच्या घाटावर गेलो. कावळा शिवायला दहा वाजले. वहिनी बिचारी सत्तेचाळीस वर्षं त्याच वाटेने धुणं घेऊन नदीवर गेली होती.

तरीही मी गप्प बसलो असतो. वय झालं की माणूस बऱ्याच गोष्टी पोटात घालतो. पण त्याच आठवड्यात तुमच्या वर्धापनदिनाची स्मरणिका हातात आली. गावातल्या इस्त्रीवाल्याकडे कपड्यांच्या घडीत घातलेली होती. तिच्या पहिल्या पानावर वाक्य आहे : ‘इथे आधी काहीच नव्हतं. होती ती फक्त ओसाड जमीन आणि नदी.’

हे पत्र त्या वाक्यासाठी आहे. फाटकाचं कुलूप त्या वाक्याचंच आहे, असं माझं मत झालंय.

थोडं माझ्याबद्दल. माझा जन्म दापोडी गावठाणातला, १९५६ चा. नोकरी इथल्याच एसटीच्या कार्यशाळेत केली, फिटर म्हणून लागलो आणि निवृत्त होईपर्यंत इंजिनाच्या ग्रीसमध्येच हात होते. इतिहासाचा प्राध्यापक वगैरे मी नाही. निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून आपल्या गावाबद्दल जिथे जे मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं थोडं सांगतो.

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातला इसवी सन ७५८ चा एक ताम्रपट आहे. त्यात आमच्या शेजारचं गाव दान दिल्याची नोंद आहे, बोपखेल. दान द्यायचं म्हणजे चतु:सीमा लिहाव्या लागतात, आजच्या खरेदीखतात लिहितात तशाच. तर पूर्वेला कळस, उत्तरेला भोसरी, दक्षिणेला मुळा नदी आणि पश्चिमेला ‘दर्पपूडिका’. ही दर्पपूडिका म्हणजे आपली दापोडी. चारही नावं आज तिथेच आहेत, थोडी झिजून. तेव्हा पुणं म्हणजे आजचं शहर नव्हतं. ज्या शहराचं उपनगर म्हणून आज तुम्ही दापोडी ओळखता, त्या शहराचा पसारा सुरू होण्याच्या कितीतरी आधी या गावाला नाव होतं, शीव होती आणि शेजारी होते. साडेबाराशे वर्षांहून जास्त झाली. ‘काहीच नव्हतं’ला हे एक उत्तर पुरेसं आहे, पण गाव एवढ्यावर थांबलं नाही.

शेवटच्या बाजीरावाच्या काळात पेशव्यांच्या खर्चाने एक कवायती पलटण उभी केली होती, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची. तिचा कप्तान फोर्ड. पलटणीचा तळ दापोडीला. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई पेटली, तेव्हा ही पलटण दापोडीहून निघाली आणि इंग्रजांना जाऊन मिळाली. पगार पेशव्यांचा, बंदुका पेशव्यांवर. तिला अडवायला गेलेले मोरदीक्षित त्या दिवशी पडले. पुण्याचं राज्य गेलं त्या दिवसाचा एक धागा आमच्या शिवारातून निघालेला आहे. अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट नाही, पण ओसाड जागेत पलटणी राहत नसतात.

फोर्डचा इथला बंगला पुढे १८२८ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सरकारसाठी घेतला. म्हणजे काही वर्षं मुंबई इलाख्याचा लाटसाहेब पावसाळ्यात दापोडीला राहायचा. बंगल्याला लागून वनस्पती उद्यान झालं. अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर १८३८ पासून त्याची देखभाल करत होता. तोच पुढे मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. देशोदेशीची झाडं इथे लावून बघायचे, औषधी वनस्पती वाढवायचे. १८४७ ते १८५० या काळात त्या बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली गेली. दीडशेहून जास्त चित्रं आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवलेली आहेत. ती ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ याच नावाने ओळखली जातात. काढणारा एक भारतीय चित्रकार, त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. पाना-फुलाचा रेघन्‌रेघ हिशेब ठेवला, माणसाचं नाव तेवढं लिहायचं राहिलं.

तुमच्या सोसायटीत बोटॅनिकल थीम गार्डन आहे. माहितीपुस्तकात तसं छापलंय. गंमत वाटली, एवढंच सांगतो.

पुढचं भरभर सांगतो, कारण ते तुम्हाला खिडकीतून दिसतंच. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे आली. १८९५ मध्ये नदीवर हॅरिस पूल झाला, दगडी कमानींचा. लष्कराचं अभियांत्रिकी कॉलेज आलं, आणि गावाच्या शिवाराचा मोठा तुकडा तारेच्या आत गेला. पिंपरीत १९५४ साली अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, मागोमाग एमआयडीसी. १९७० ला पिंपरी-चिंचवड नगरपालिका, १९८२ ला महानगरपालिका. १९७८ मध्ये लोणावळा लोकल सुरू झाली, २०२३ मध्ये मेट्रो. जो आला त्याला आमच्या गावाने जागा दिली. काहींना विचारून, बऱ्याचदा न विचारता.

आणि नदी. माझ्या लहानपणी मुळेला उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असायचं, तळाचे गोटे दिसायचे. पूर ओसरला की काठाला गाळ बसायचा. त्या जमिनीला आम्ही मळई म्हणतो. नांगर नको, खत नको, नुसतं काकडीचं नि कलिंगडाचं बी टोचलं तरी वेल धावायचा. माझी आजी मळईतली काकडी तिथेच दगडावर फोडून द्यायची, मीठ पदराच्या गाठीत. गौरी आणायला बाया त्याच पायवाटेने खाली जायच्या. पोहायला कोणी शिकवलं नाही. थोरल्या भावाने डोहात ढकललं, तेच शिक्षण.

आता नीट ऐका. तुमची बी विंग ज्या जागेवर उभी आहे, त्या तुकड्याचं आमच्या बोलण्यातलं नाव ‘खालची मळई’. हे नाव कोणी कवीने ठेवलेलं नाही. तिथे पुराचं पाणी येतं, गाळ टाकून जातं, एवढाच त्याचा अर्थ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मुळशी आणि पवना दोन्ही धरणांतून पाणी सोडलं, तेव्हा तुमच्या तळघरात चारचाकी गाड्या टपापर्यंत बुडाल्या. रात्री गावठाणातली पोरं दोर घेऊन आली होती. तुमच्याकडच्या एका आजींना खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणणाऱ्यांत माझा पुतण्या होता, तोच, ज्याच्या हातात परवा पिंडाचं ताट होतं. दुसऱ्या दिवशी तुमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, “कल्पनाच नव्हती हो, इथे पाणी येतं म्हणून.” कल्पना नव्हती, कारण जागेचं नाव तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. बिल्डरने सांगितलं नाही ते समजू शकतो. आम्हीही सांगितलं नाही, ही आमची चूक. पण पूररेषेचे नकाशे निघण्याच्या कितीतरी आधी आमच्या म्हाताऱ्यांनी पूररेषा एका शब्दात लिहून ठेवली होती. ‘काहीच नव्हतं’ म्हणून तो शब्द पुसला की तळघर बुडतं.

आता तक्रारी. आवाज न चढवता सांगतो.

पहिली, अर्थात वाटेची. ती पायवाट तुमची सोसायटी झाली तेव्हा पडलेली नाही. आमच्या पणज्याच्याही आधीपासून गाव तिथून नदीला जातं. सलग वीस वर्षांची उघड, विनाहरकत वहिवाट असली की वाटेचा हक्क पडतो, हे १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात आहे. आमची वीस नाही, कित्येक विसा झाल्या. सुरक्षेचा प्रश्न तुम्ही काढाल, मला तो कळतो. तुमच्याकडे लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं एकटी असतात. पण ती वाट तुमच्या इमारतींमधून जातच नाही, कंपाउंडच्या बाहेरून जाते. बाहेरच्या वाटेला कुलूप लावून आत काय सुरक्षित झालं? आणि अडले ते एकटे गावकरीही नाहीत. छठला तुमच्याच बांधकामावर राबलेले बिहारी मजूर बायकापोरांसह तिथे उभे राहायचे. त्यांनी कुठे जायचं?

दुसरी तक्रार नावाची. तुमच्या बसस्टॉपला सोसायटीचं नाव द्यावं असा अर्ज केल्याचं समजलं. पत्त्यातही तुम्ही ‘दापोडी’ गाळता, ‘औंधजवळ’ लिहिता, हे कुरिअरची पोरं सांगतात, पत्ता विचारायला शेवटी ती आमच्या ओट्यावर येतात म्हणून. दापोडी नाव लिहिताना हात का अडखळतो, तेही मी जाणतो. फ्लॅटचा भाव. पण घरातलं खरेदीखत काढा आणि इंडेक्स टू, म्हणजे त्याच्या नोंदणीचा उतारा, बघा. तिथे ‘मौजे दापोडी’ लिहिलेलं आहे. तुमच्या मालकीचा पुरावाच त्या नावावर उभा आहे. पाच मिनिटांवर मेट्रो म्हणून जाहिरात करता, त्या स्टेशनचं नाव काय आहे?

तिसरी थोडक्यात. तुमचा एसटीपी रात्री बंद असतो. (एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प, आमच्या एसटीशी त्याचा संबंध नाही.) रात्री दीडच्या पुढे नाल्याला जो उग्र वास सुटतो तो आम्हाला झोपेत कळतो. वीजबिल वाचत असेल, पण ते पाणी जातं नदीत, आणि उन्हाळ्यात जलपर्णीचा गालिचा होऊन तुमच्याच बाल्कनीखाली पसरतो. मग डास. मग तुम्ही धूरफवारणीसाठी पत्र लिहिता. जन्मभर मशीन दुरुस्त केलेला माणूस म्हणून सांगतो, असली यंत्रणा चालू-बंद, चालू-बंद केली की ती कधीच नीट काम करत नाही. आतले जिवाणू मरतात. चालवायचं तर चोवीस तास.

चौथी तक्रार आमच्याचविरुद्ध आहे, ती वगळली तर पत्र खोटं होईल. जमिनी आम्ही विकल्या. कोणी पिस्तूल लावलं नव्हतं. भाव आला, भाऊबंदकी होती, पोरांना शेती नको होती. काहींनी पैशाचं सोनं केलं, काहींनी गाड्या घेतल्या, काहींचं तीन वर्षांत संपलं आणि ते आज तुमच्यासारख्याच सोसायट्यांमध्ये रात्रपाळीला उभे राहतात. नदीत राडारोडा टाकणारे ट्रॅक्टर आमच्या गावातल्याच लोकांचे होते. निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या पुलावरून आम्हीही भिरकावतो. तेव्हा आम्ही धुतल्या तांदळाचे आणि तुम्ही वाईट, असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण जमीन विकली म्हणजे वाट विकली असं होत नाही, आणि आठवण तर सातबाऱ्यावर चढतच नाही.

एक आणखी, आडवळणाचं. तुमच्या मुलांना मी बघतो. संध्याकाळी ती बाल्कनीच्या जाळीला तोंड लावून नदीकडे बघत असतात. त्यातल्या एका मुलीने मला फाटकाच्या गजांतून विचारलं, “आजोबा, खाली मासे आहेत का?” मी म्हटलं, होते. मरळ होता, वाम होती, दगडाखाली खेकडे होते. ती म्हणाली, “मग गेले कुठे?” तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली. उत्तर द्यायचं राहिलंय.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

वाटेचं फाटक ठेवायचं तर ठेवा, पण सूर्योदयापासून रात्री आठपर्यंत ते उघडं राहील असा ठराव करा आणि ठरावाची प्रत गावठाणातल्या मंदिराच्या फलकावर लावा. दहाव्याला, गौरी-गणपतीला, छठला कोणालाही मोबाइलवर नोंद करायला लावू नका.

स्मरणिकेतलं ते वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करा. माफीनामा नको. ‘इथे दापोडी गाव होतं आणि आहे’ एवढं छापलं तरी चालेल. मजकूर हवा असेल तर मी लिहून देतो, फुकट.

बसस्टॉपच्या नावाचा अर्ज मागे घ्या.

एसटीपीचा रोजचा लॉग गेटच्या आतल्या बोर्डावर लावा. तुमच्याच सभासदांना बघू दे. नीट चालत नसेल तर मला बोलवा. माझ्या हाताखाली तयार झालेली दोन पोरं आज हेच काम करतात.

आणि फाटकाशेजारी एक दगड बसवायला परवानगी द्या. खर्च गाव करेल. त्यावर त्या ताम्रपटातल्या चार सीमा कोरायच्या आहेत : कळस, भोसरी, मुळा, दापोडी. आणि खाली एक आडवी रेघ, २०१९ चं पाणी जिथपर्यंत आलं होतं तिथे. ती रेघ दाखवायला तुमच्यातलेच कोणी तरी या, कारण तुमच्या भिंतीवर तो डाग अजून आहे. रंग मारलाय, तरी पावसाळ्यात ओल येते आणि दिसतो.

तुमच्या समितीची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते असं कळलं. हे पत्र त्या सभेत पूर्ण वाचून दाखवावं ही विनंती. ठराव झाला नाही, तर वहिवाटीचा दावा दाखल करायची कागदपत्रं माझ्याकडे तयार आहेत : गावनकाशाची नक्कल, सात म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आणि १९७१ सालचा माझ्या आईचा एक फोटो. डोक्यावर धुण्याचं गाठोडं आहे, पाय त्याच वाटेवर आहेत, मागे नदी. पण शेजाऱ्यांनी कोर्टात भेटायची माझी इच्छा नाही.

वहिनीचं वर्षश्राद्ध पुढच्या साली येईल. त्याच्या आधी सभेनंतरच्या रविवारी सकाळी सातला मी फाटकापाशी येतो. बरोबर कोणी नसेल, घोषणा नसतील. तुमच्यापैकी ज्याला खालची मळई बघायची असेल त्याने यावं, मुलांनाही आणावं. किल्ली कोणाकडे आहे तेवढं वॉचमनला सांगून ठेवा.

आपला शेजारी,
दापोडी गावठाणातला एक निवृत्त एसटी कामगार